पिकअपमध्ये डॅशकॅम बसवताना: वायर कुठून न्यायची, फ्यूज कोणता धरायचा

डॅशकॅमच्या खोक्यात एक लांबलचक वायर आणि लायटरच्या सॉकेटात घालायचा चार्जर असतो. पहिले काही दिवस काचेवरून डॅशबोर्डवर आणि तिथून गिअरपाशी लोंबणारी वायर चालून जाते. मग ती गिअर टाकताना हातात येऊ लागते, सॉकेट कायमचं अडून बसतं, आणि बऱ्याच गाड्यांत चावी काढली की सॉकेटबरोबर कॅमेराही बंद होतो. उभ्या गाडीला कुणी घासून गेलं तर हाती काहीच नसतं. वायर ट्रिमच्या, म्हणजे केबिनच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या, आतून नेली आणि वीज फ्यूज बॉक्समधून घेतली की हे सगळं एकदमच सुटतं.

ज्याला फ्यूज बदलता येतो आणि प्लॅस्टिकची क्लिप न तोडता काढण्याइतका धीर आहे, त्याला हे काम जमतं. चूक महागात पडते ती दोनच ठिकाणी: पिलरमधल्या (काचेच्या बाजूला छताला धरणाऱ्या खांबातल्या) एअरबॅगपाशी आणि फ्यूज बॉक्सपाशी. म्हणून खाली त्या दोन पायऱ्यांवर जास्त लिहिलं आहे. कॅमेरा काचेला चिकटवणं हा भाग कुणालाही जमतो.

आधी हे जमवून ठेवा

- गाडीचं मॅन्युअल. त्यातला फ्यूजचा तक्ता आणि एअरबॅगची पानं लागतील. छापील प्रत नसेल तर आपल्याच मॉडेलची आणि आपल्याच वर्षाची फाइल शोधा. वर्ष बदललं की तक्ता बदलू शकतो.
- कॅमेऱ्याच्याच कंपनीचं हार्डवायर किट. हे १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतं आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की कॅमेरा तोडतं. प्लग सारखा दिसला म्हणून दुसऱ्या कंपनीचं घेऊ नका. पार्किंग मोडचा (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करायच्या सोयीचा) इशारा ज्या पिनमधून जातो ती वेगळी असू शकते.
- दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून तिथून वेगळी वायर काढून देणारे जोड), गाडीच्या फ्यूजच्या मापाचे, आणि कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचे फ्यूज.
- मल्टीमीटर. जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्टर आधुनिक गाडीत वापरू नका. तो जास्त प्रवाह ओढतो, आणि चुकून एअरबॅगच्या किंवा कंट्रोल युनिटच्या वायरला लागला तर घोटाळा होतो.
- ट्रिम काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, फ्यूज काढायचा चिमटा, १० मिलिमीटरचा सॉकेट पाना, टॉर्च.
- कापडी वायरिंग टेप, केबल टाय, थोडा फोम. चिकट काळी पीव्हीसी टेप नको. उन्हात तिचा गोंद वितळतो आणि सगळीकडे राड होतो.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं.

कॅमेरा अजून घेतला नसेल तर आत लिथियम बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटर असलेला घ्या. बंद केबिनमध्ये काचेपाशी उन्हाळ्यात जे तापमान होतं ते लिथियम सेलला मानवत नाही, सेल फुगतात. मेमरी कार्डही सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, ‘हाय एन्ड्युरन्स’ छापाचं घ्या.

१. जागा ठरवा, पण चिकटवू नका

आतल्या आरशाच्या मागे, शेजारच्या सीटच्या बाजूला, ही जागा बहुतेक पिकअपमध्ये बरी. चालकाच्या नजरेआड राहते आणि वायपर तिथली काच पुसतो. वायपर पोचत नाही अशा कोपऱ्यात लावलात तर पावसात फक्त थेंबांचं चित्रीकरण मिळेल.

तीन जागा टाळा. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात तिथे टेप नीट धरत नाही. वरच्या रंगीत पट्ट्यामागून चित्र काळपट येतं. आणि आरशाच्या मागे गाडीचा स्वतःचा कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्यासमोर काहीही येता कामा नये, लोंबती वायरसुद्धा नाही.

काचेवर कुठे काय लावता येतं आणि केबिनमधला आवाज रेकॉर्ड करता येतो का, याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. ते एकदा बघून घ्या.

आता कागदी टेपने कॅमेरा तात्पुरता धरा, वीज पॉवर बँकेवरून द्या आणि फोनवर चित्र बघा. बॉनेटची कड खाली थोडीशी दिसावी आणि क्षितिज साधारण मधोमध यावं. जागा पक्की झाली की काचेवर बाहेरून खडूने खूण करा.

२. वायरचा रस्ता आधी बाहेरून आखा

काही उघडण्याआधी वायर गाडीत बाहेरूनच धरून बघा: कॅमेऱ्यापासून छताच्या कडेने, पिलरवरून खाली, दाराच्या रबराच्या कडेने फ्यूज बॉक्सपर्यंत. लांबी पुरते का ते इथेच कळतं. फ्यूज बॉक्स कुठल्या बाजूला आहे त्यावर कोणत्या पिलरने उतरायचं ते ठरतं. काही गाड्यांत तो चालकाच्या गुडघ्यापाशी असतो, काहींत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या वाटेला जाऊ नका. तिथे उष्णता, पाणी आणि केबिनच्या भिंतीला भोक पाडायचा मोह, तिन्ही असतात.

पिकअपमध्ये पुढच्या पिलरवर बहुतेकदा धरून चढायची दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना छोटी झाकणं असतात आणि त्याखाली बोल्ट. ही दांडी काढल्याशिवाय पिलरचं प्लॅस्टिक सुटत नाही, आणि नेमकं तेच विसरून लोक पट्टी ओढत बसतात. हाताला अडतंय म्हणजे कुठेतरी बोल्ट राहिला आहे.

३. फ्यूज शोधा

हे काम बॅटरी जोडलेली असतानाच करायचं, कारण व्होल्ट मोजायचे आहेत.

किटला साधारणपणे तीन वायर असतात. बऱ्याच कंपन्यांत काळी म्हणजे अर्थ (गाडीच्या धातूला जोडायची), पिवळी म्हणजे कायम वीज आणि लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी वीज. रंगांवर मात्र विसंबू नका, कारण काही किटमध्ये लाल आणि पिवळी उलट असते. किटच्या कागदावर किंवा वायरवरच्या बिल्ल्यावर काय लिहिलं आहे ते खरं.

म्हणजे आपल्याला दोन फ्यूज हवेत: एक कायम चालू असणारा, एक चावीबरोबर चालू-बंद होणारा. चावीवाल्यासाठी लायटर सॉकेट किंवा रेडिओचा फ्यूज बघा. कायम विजेसाठी आतला दिवा, दारांचं लॉक किंवा धोक्याचे इंडिकेटर. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, इंजिनचं कंट्रोल युनिट आणि इंधन पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. फ्यूज बॉक्समध्ये तो एकच हाताशी येत असला तरीही.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी सुई उघड्या धातूच्या बोल्टला टेकवा आणि लाल सुई फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन बारीक चकाकत्या ठिपक्यांपैकी एकावर. चावी बंद आणि चालू, दोन्ही वेळा आकडा बघा. बटणवाल्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबलं की इंजिन सुरू न होता वीज येते.

सापळा: नव्या गाड्यांत ‘कायम’ वाटणारी काही सर्किटं बॅटरी वाचवण्यासाठी थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. त्याच्या उलटही होतं: चावी काढली तरी दार उघडेपर्यंत रेडिओची वीज चालू राहते. म्हणून चावी काढा, दारं लावून गाडी लॉक करा, अर्धा तास जाऊ द्या आणि मग पुन्हा मोजा. बॉक्स उघडाच ठेवा आणि शक्य असेल तर काच खाली ठेवून खिडकीतूनच मोजा. दार उघडलं की गाडी परत जागी होते. या अर्ध्या तासाचा आळस केला की मग ‘पार्किंग मोड कधी चालतो, कधी नाही’ असं कोडं मागे लागतं.

फ्यूजचं माप बघून घ्या. साधा पातीवाला, मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो २ हे टॅप एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लो-प्रोफाइलच्या खाचेत मिनीचा टॅप दाबून बसवता येतो असं वाटतं, पण त्याने खाच रुंदावते आणि मग मूळ फ्यूजही कायमचा सैल राहतो. याच कारणाने मल्टीमीटरची जाड सुईही खाचेत खुपसायची नसते, नुसती टेकवायची.

४. फ्यूज टॅपची दिशा

हे बहुतेक व्हिडिओंत वगळलेलं असतं.

टॅपला दोन पाय असतात. एक पाय दोन्ही फ्यूजना वीज पुरवतो. त्याला पुरवठ्याचा पाय म्हणू. दुसरा फक्त जुन्या फ्यूजमधून आलेली वीज मूळ सर्किटकडे नेतो. फ्यूज बॉक्सच्या खाचेतही एक बाजू बॅटरीकडून येणारी असते, दुसरी उपकरणाकडे जाणारी. पुरवठ्याचा पाय बॅटरीच्या बाजूला यायला हवा. तसा आला की जुना फ्यूज जुन्या सर्किटचं रक्षण करतो, नवा फ्यूज कॅमेऱ्याचं.

उलटा बसवला तरी कॅमेरा छान चालतो, आणि म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण मग कॅमेऱ्याचा प्रवाहही जुन्या फ्यूजमधून जायला लागतो. तिथे आधीच सीमेवरचा भार असेल तर फ्यूज उडतो आणि कॅमेऱ्याबरोबर रेडिओ किंवा सॉकेटही जातं.

ओळखायचं असं: टॅपमध्ये फक्त नवा फ्यूज घाला, जुना बाहेर ठेवा. मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर, एक सुई टॅपच्या वायरीला, दुसरी एकेका पायाला. ज्या पायाला ‘बीप’ येतो तो पुरवठ्याचा. मग बॉक्समधून निवडलेला फ्यूज उपसा, चावी चालू करा आणि खाचेच्या कोणत्या बाजूला १२ व्होल्ट येतात ते बघा. दोन्हींवर मार्करने टिंब काढून ठेवा, म्हणजे पुढे वाकून अंधारात बसवताना डोकं लावावं लागणार नाही.

५. बॅटरी सोडवा, मग पिलरकडे वळा

चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि मॅन्युअलमध्ये एअरबॅगसाठी जितकी मिनिटं थांबायला सांगितलं आहे तितकी थांबा. यंत्रणेत साठलेली वीज उतरायला हा वेळ लागतो. काही डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या असतात. दोन्हींची निगेटिव्ह सोडवावी लागते. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधीच हाताशी ठेवा, आणि बटणवाल्या गाडीत दार लॉक होऊन चावी आत राहणार नाही याची काळजी घ्या.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करा. छताच्या अस्तराची पुढची कड बोटाने हलकी वर उचलली की वायर आत सरकते. अस्तर खाली ओढू नका. ते दाबलेल्या पुठ्ठ्यासारखं असतं, एकदा घडी पडली की जात नाही. वायरला किंचित फोम गुंडाळला तर खराब रस्त्यावर कट-कट आवाज येत नाही. पिकअपचं सस्पेन्शन कडक असतं, रिकाम्या गाडीत तर हा आवाज हमखास येतो.

मग पिलर. दांडी काढा आणि दाराचं रबर त्या भागापुरतं सोडवा. प्लॅस्टिकची पट्टी वरून हळूच ओढा, पण पूर्ण उपटू नका. पुष्कळ गाड्यांत वरची क्लिप एका दोरीसारख्या पट्टीने पिलरला बांधलेली असते, जेणेकरून एअरबॅग फुटली तरी पट्टी चेहऱ्यावर उडू नये. या क्लिपा काही गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात. तसं असेल तर नव्या आणून ठेवा.

आत घडी करून ठेवलेली कापडी गुंडाळी दिसेल ती कर्टन एअरबॅग. ती छताच्या कडेने जाते आणि धडकेत सेकंदाच्या काही शतांश भागात खाली उघडते. तुमची वायर तिच्या मागून, म्हणजे पत्र्याच्या बाजूने जायला हवी. तिच्यावरून किंवा समोरून कधीच नाही. समोरून गेलेली वायर एअरबॅगच्या वाटेत येते आणि फेकली जाते. पिलरमध्ये कंपनीची वायरिंगची जुडी आधीच असते. तिच्याच बाजूने जा आणि हातभर अंतरावर कापडी टेपने बांधा. एअरबॅगला किंवा तिच्या पिवळ्या कनेक्टरला काहीही बांधायचं नाही. ‘पट्टी न काढता नुसती फटीत खुपसून टाक’ असा सल्ला सर्रास मिळतो. एअरबॅग नसलेल्या पिलरला तो ठीक आहे, असलेल्याला नाही. पट्टी परत लावताना प्रत्येक क्लिप टक् वाजून बसली पाहिजे.

खाली उतरल्यावर वायर पेडल, स्टिअरिंगचा दांडा, ब्लोअरचा पंखा आणि ग्लोव्ह बॉक्सची बिजागरी यांपासून लांब ठेवा.

६. अर्थ आणि जोडणी

अर्थसाठी फ्यूज बॉक्सजवळ पत्र्यात थेट गेलेला बोल्ट शोधा. प्लॅस्टिकच्या पट्टीत किंवा रंगावर बसलेला बोल्ट चालत नाही. सीट बेल्टचा, एअरबॅग मॉड्यूलचा किंवा स्टिअरिंगचा बोल्टही सैल करायचा नाही. बॅटरीचं निगेटिव्ह अजून सुटलेलंच आहे, त्यामुळे बोल्ट आणि केबिनचा दुसरा उघडा धातू यांच्यामधला ओहम आताच मोजून घ्या. आकडा १ च्या खाली हवा. किटच्या वायरीला गोल किंवा काट्यासारखं टर्मिनल लावून बोल्ट घट्ट करा. वायर नुसती पिळून बोल्टखाली दाबली तर कंपनाने सैल होते. कॅमेरा अधूनमधून स्वतःच बंद-चालू होत असेल तर दहातल्या नऊ वेळा दोष अर्थमध्ये सापडेल, कॅमेऱ्यात नाही.

आता टिंबं जुळवून दोन्ही टॅप बसवा. बॉक्सचं झाकण बंद होतं की नाही ते बघा. टॅप उंच असतात, आणि झाकण जोर लावून बसवलं तर तेच टॅप हळूहळू उचकटून काढतं. किटची छोटी डबी फोममध्ये गुंडाळून जुडीला टायने बांधा. ती थोडी गरम होते, म्हणून हीटरच्या नळीला चिकटवू नका. उरलेली वायर इंग्रजी आठच्या आकारात सैल घडी करून बांधा; घट्ट वेटोळं करू नका. वायर रेडिओच्या अँटेनाच्या तारेपासून दूर ठेवा. एफएमवर खरखर यायला लागली तर कॅमेऱ्याच्या टोकाला फेराइटची क्लिप लावून बघा.

७. मागचा कॅमेरा: इथे पिकअप वेगळी

कारमध्ये मागची काच म्हणजे गाडीचा शेवट. पिकअपमध्ये त्या काचेमागे अख्खा हौदा असतो. केबिनच्या मागच्या काचेवर कॅमेरा लावला तर रिकाम्या गाडीत मागचं दिसतं. उंच माल भरला की फक्त ताडपत्री दिसते. तुम्ही रोज माल वाहत असाल तर कॅमेरा फाळक्यापाशी, बाहेर लावावा लागेल.

केबिनच्या आतलं काम सोपं आहे. वायर दुसऱ्या बाजूच्या छताच्या कडेने न्या, मागच्या पिलरचा एअरबॅगचा नियम तोच. सरकती काच असेल तर कॅमेरा न हलणाऱ्या भागावर लावा. डीफॉगरच्या रेघांवर टेप चिकटवू नका, काढताना रेघ सोबत निघते.

बाहेरच्या कॅमेऱ्याचं बोलायचं तर तो आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा हवा, आणि वायर केबिनमधून बाहेर काढताना नवं भोक पाडण्याआधी मागच्या भिंतीत किंवा तळाशी असलेलं रबरी बूच शोधा. त्याला चीर देऊन वायर काढता येते. बाहेर पडल्यावर वायर आधी भोकाच्या खाली झोल देऊन मग पुढे न्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून आत येणार नाही. बहुतेक पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि खड्ड्यात एकमेकांशी स्वतंत्रपणे हलतात. त्या दोघांमधल्या फटीत वायर ताणून बांधलीत तर आज ना उद्या तुटेल, तिथे झोल ठेवाच. पुढे चेसिसवरच्या मूळ जुडीबरोबर जा. सायलेन्सरचा पाइप, प्रोपेलर शाफ्ट आणि पाट्यांच्या स्प्रिंगपासून दूर. कॅमेरा फाळक्यावरच असेल तर तो उघड-बंद करून झोल पुरतो का ते बघा.

८. बॅटरी कुठे तोडायची

कट-ऑफ, म्हणजे किती व्होल्टला कॅमेरा तोडायचा ते, किटवरच्या छोट्या स्विचने किंवा कॅमेऱ्याच्या मेनूमधून ठरवतात. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत निवांत असताना १२.६ व्होल्ट म्हणजे जवळपास भरलेली, १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. त्यामुळे १२.२ च्या खाली जाऊ नका. थंड हवामानात किंवा बॅटरी जुनी असेल तर १२.४ ठेवा. किटवर ११.६ चा पर्यायही असतो, तो वापरला तर सकाळी ढकलगाडी ठरलेली.

हिशोब सोपा आहे. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा ३ वॉट घेत असेल तर १२ व्होल्टवर पाव अँपिअर, म्हणजे २४ तासांत ६ अँपिअर-अवर. ६० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीपर्यंत वापरायची म्हटली तर कागदावर पाच दिवस. प्रत्यक्षात कमीच, कारण गाडी स्वतःही थोडी वीज खाते. रोज दहा मिनिटंच गाडी फिरवत असाल तर बॅटरी भरतच नाही. मग पार्किंग मोड टाइमलॅप्सवर (थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपण्यावर) ठेवा किंवा वेळेची मर्यादा घाला.

९. चिकटवा आणि तपासा

काच अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, कॅमेऱ्याचा टेपवाला स्टँड दाबून धरा. शक्य असेल तर टेपला एक दिवस द्या, मगच कॅमेऱ्याचा भार टाका. बॅटरी जोडा आणि क्रमाने बघा: चावी चालू केली की कॅमेरा सुरू होतो का, बंद केली की पार्किंग मोडमध्ये जातो का, एअरबॅगचा दिवा नेहमीप्रमाणे लागून विझतो का, आणि ज्या सर्किटचे फ्यूज वापरले ती उपकरणं चालतात का. एअरबॅगचा दिवा विझला नाही तर गाडी वर्कशॉपमध्ये न्या, स्वतः कनेक्टर हलवत बसू नका.

गडबड झालीच तर:

- चालताना ठीक, पण चावी काढताच किंवा थोड्या वेळाने कॅमेरा मरतो: लाल आणि पिवळी अदलाबदल झाली आहे, किंवा ‘कायम’ सर्किट झोपी जातं.
- कॅमेरा रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करतो, पार्किंग मोडमध्ये जात नाही: चावीची वायर कायम विजेवर बसली आहे.
- काहीच सुरू होत नाही: आधी टॅपमधला नवा फ्यूज, मग अर्थ, मग किटच्या टोकाचा प्लग पूर्ण आत गेला आहे का ते.
- इंजिन सुरू करताना एकदा बंद होऊन लगेच परत येतो: स्टार्टरमुळे व्होल्टेज पडतं किंवा चावीचं सर्किट क्षणभर तुटतं. हा दोष नाही.

आणि एका कागदावर कोणते दोन फ्यूज वापरले ते लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढे गाडी मेकॅनिककडे गेली की हे अनोळखी टॅप कशाचे, हे त्याला तुम्हाला फोन न करता कळेल.